शेजारच्या घरातलं लेकरू

(महिला मेळाव्यात वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेलं भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचते. मुली किती, दहावीला पास किती, पत्र्यांना खर्च किती. आज तो कागद मी सेक्रेटरींकडे दिला आहे, अंकात छापून येईल. आज मला माझी एक चूक सांगायची आहे. त्या मुलीचं नाव-गाव मी सांगणार नाही, आणि ती ओळखू येऊ नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलूनही सांगणार आहे. तुम्ही अंदाज बांधू नका, एवढी विनंती.

आमच्या सातपुड्याच्या पायथ्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळी झाली की पाड्यापाड्यांवरची जोडपी कोयता घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला निघतात. मग बरीचशी होळीलाच दिसतात. काही मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, काही वसतिगृहात राहतात, आणि काहींना नातेवाइकांकडे ठेवलं जातं. माझ्या मुलीची मैत्रीण अशीच चुलत्याकडे ठेवलेली. दोघी सहावीत, एकाच बाकावर.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मुलगी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, एक सांगू? पण कोणाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, "नाही सांगत."

ही माझी पहिली चूक.

ती म्हणाली, "तिच्या पाठीवर डाग आहेत. पोळल्यासारखे. आणि शनिवारी शाळा लवकर सुटते ना, तेव्हा ती घरी जात नाही. हापशीपाशी बसून राहते. काकू कामावरून आली की मगच जाते. काका एकटा असला की जात नाही."

बायांनो, मी चौदा वर्षं वसतिगृहात काम करते. बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणाला जाऊन आले आहे. मुलांच्या मदतीच्या 1098 या नंबरचा कागद माझ्या हाताने आमच्या जेवणघराच्या भिंतीला चिकटवला आहे. आणि तरीही मी नऊ दिवस काही केलं नाही.

का केलं नाही? कारणं चांगलीच होती. चुलता आपल्या ओळखीतला, उपासनेला नियमाने येणारा. मला खात्री नव्हती. मिशनच्या माणसांकडे आधीच संशयाने पाहणारे गावात आहेत, त्यांना आयतं निमित्त मिळेल असं वाटलं. माझ्या मुलीची मैत्री तुटेल असं वाटलं. आणि सगळ्यात सोयीचं कारण म्हणजे होळीला आईबाप येतीलच, तेव्हा त्यांच्याशी बोलू. होळीला तेव्हा तीन महिने होते.

आठव्या दिवशी मन खाऊ लागलं, म्हणून मी त्याहून वाईट गोष्ट केली. बाजारात चुलती भेटली. तिला मी सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीच्या पाठीला काय झालं गं?" ती म्हणाली, "चुलीपाशी पडली, बाई." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही.

मला वाटलं होतं, आपण समजुतीने घेतोय. पण माझ्या प्रश्नाची किंमत त्या रात्री कोणी मोजली, ते मला नंतर कळलं. ज्या घराबद्दल शंका आहे त्या घराला आधी विचारायचं नसतं. आपण विचारून घरी जातो, आणि लेकरू त्याच घरात राहतं.

त्या दिवशी दुपारी मी 1098 लावला. या सेवेची सुरुवात 1996 साली मुंबईत झाली, आता ती सरकारच चालवतं. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं : मूल केवढं आहे, कुठे राहतं, तुम्ही स्वतः काय पाहिलं, कोणाकडून काय ऐकलं, या घडीला मुलाला धोका आहे का. माझं नाव विचारलं, आणि ते त्या घरी कळवलं जाणार नाही असंही सांगितलं. मी म्हटलं, "मला खात्री नाही हो." त्या म्हणाल्या, "खात्री करायचं काम आमचं. तुम्ही कळवलंत, हे बरं केलंत."

हे वाक्य मला नऊ दिवस आधी ऐकायला मिळालं असतं, मी फोन लावला असता तर.

कायदाही हेच म्हणतो. पॉक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीसाठी आहे. असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शेजारी असो, शिक्षक असो, पाळक असो. माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. हे आपण संस्था चालवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे.

मारहाण, चटके, उपाशी ठेवणं हे 'घरातला मामला' नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याचा असा छळ केला, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाठीवरच्या डागांमागे नेमकं काय आहे, हे आपण ठरवायचं नाही. आपण फक्त डाग आहेत एवढं सांगायचं.

"पोलीस येतील, पोरगी घाबरेल," असं मला बऱ्याच जणी म्हणतात. पॉक्सो कायद्यात याचाही विचार केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तेही वर्दी न घालता. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री असलीच पाहिजे. मुलाने कुठे राहायचं, हे समिती ठरवते. मूल शक्यतो आपल्या माणसांत राहावं, संस्था हा शेवटचा मार्ग, असं धोरण आहे. तेव्हा 'कळवलं की पोरगी थेट अनाथाश्रमात' ही भीती मनातून काढून टाका.

2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांना विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसल्याचं सांगितलं. लैंगिक अत्याचार करणाऱ्यांत साधारण निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे मूल आपल्याकडे येऊन बोलेल अशी वाट बघत बसायचं नाही. सांगितलंच तर ते बहुधा बरोबरीच्या मुलाला सांगतं. आमच्या बाबतीत तसंच झालं. ती माझ्याकडे आली नाही, माझ्या मुलीकडे आली.

म्हणून आयांनो, आपलं मूल मैत्रिणीबद्दल असं काही सांगत आलं, तर एवढं करा.

भाकरी तव्यावर करपली तरी चालेल, पण आधी ऐकून घ्या. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "ज्यांना मदत करता येते, फक्त त्यांनाच सांगेन," असं म्हणा.

खोदून खोदून विचारू नका. "काकाने हात लावला का?" असले प्रश्न तर मुळीच नको. आपण शब्द मुलाच्या तोंडात घालतो आणि पुढे खऱ्या जबाबाचं नुकसान होतं. "मग काय झालं?" एवढंच पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, तारीख घाला.

त्या घरी जाऊ नका. पाड्यावर बैठक बसवून मिटवायला बघू नका. मंडळीच्या पंचांकडेही नेऊ नका. ज्याच्यावर संशय आहे तो त्याच बैठकीत पुढच्या रांगेत बसलेला असू शकतो.

1098 ला सांगा. तातडीचा धोका असेल तर 112 ला. आणि नंतर महिला मंडळात, पाण्यावर, कुठेही त्या मुलीचा विषय काढू नका. प्रार्थनेच्या विषयांतसुद्धा नाव घेऊ नका. देवाला ते ठाऊक आहे.

मुलीला समितीने आजोळी ठेवलं. आईबापांना फडावरून बोलावून घेतलं. पुढचं काम पोलिसांकडे आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही.

पण माझ्या घरी एक गोष्ट राहिलीच होती. मैत्रिणीने बोलणं टाकलं. माझी मुलगी रडत म्हणाली, "आई, मी चुगली केली का?"

मी तिला म्हटलं, चुगली करणाऱ्याला दुसऱ्याला मार बसलेला हवा असतो. तुला तर तिचा मार थांबायला हवा होता. याला आपल्या मंडळीत साक्ष म्हणतात. आणि तिला मी हेही सांगितलं की वचन तू मोडलं नाहीस, मी मोडलं. ते द्यायलाच नको होतं, ही माझी चूक. मुलांवर असलं ओझं टाकायचं नसतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. याजक आणि लेवी तिथून निघून गेले, त्यांना आपण नावं ठेवतो. त्या नऊ दिवसांनंतर मी नाही ठेवत. त्यांच्याकडेही चांगलीच कारणं असतील. आणि शोमरोन्याबद्दल एक गोष्ट मला नव्याने दिसली. त्याने लुटारूंचा तपास केला नाही. जखमेला तेल लावलं, उतारशाळेत नेलं, सांभाळणाऱ्याच्या हवाली केलं आणि परत येईन म्हणाला. आपल्याकडूनही तेवढंच मागितलं आहे.

होळीनंतर एका सकाळी ती मुलगी शाळेत आली. आता ती आजोळाहून येते. माझ्या मुलीकडे बघितलं नाही. चार दिवसांनी गणिताच्या तासाला तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "कंपास दे." बस, एवढंच. घरी येऊन माझ्या मुलीने हे तीनदा सांगितलं.

आज घरी गेल्यावर आपापल्या मंडळीच्या फळ्यावर, जिथे रविवारच्या गीतांचे आकडे लिहिता, तिथे खाली एका कोपऱ्यात 1098 लिहा आणि पुसू नका. आणि मन खाऊ लागलं तर माझ्यासारखा नववा दिवस उजाडू देऊ नका.

प्रभू आपणा सर्वांना तेवढं धैर्य देवो. आमेन.