उचल आणि व्हिसा
(तिसगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी सरली की पाथर्डी तालुक्यातील संसार कोयत्यांसह ऊसतोडीला निघतात. स्थलांतर म्हणजे काय, हे या भागाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच आखातातील भारतीय मजुराचा प्रश्न तिसगावात मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांत रस्ते, बंदरे, शहरे उभारण्याची घाई सुरू झाली. त्यासाठी लागणारे हात केरळने, आंध्रने आणि आपल्या रत्नागिरीनेही पुरविले. या हातांचे मोल देशाला कळले ते संकटात. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापला. १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. एकीकडे तेल महागले, दुसरीकडे आखातातून येणारा पैसा आटला. १९९१ च्या परकीय चलनसंकटात या दोहोंची भर होती.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी ११,८७० कोटी डॉलर देशात पाठविले. त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा. परंतु या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. एकूण रकमेत अमेरिकेचा हिस्सा २७.७ टक्के आणि संयुक्त अरब अमिरातीचा १९.२ टक्के होता. अभियंत्याचा डॉलर आणि गवंड्याचा दिरहम एकाच बेरजेत मिसळले, की गवंडी दिसेनासा होतो.

तो गवंडी कसा जातो? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनी दलालाच्या शुल्काला ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. तरीही प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट रक्कम उकळली जाते. त्यासाठी जमीन गहाण पडते, दागिने मोडतात. तिथे ‘कफाला’ पद्धतीने त्याचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारी मालकाच्या संमतीची अट काढली. पण कर्जाची बेडी कोणत्याही परदेशी कायद्याने तुटत नाही.

ऊसतोड मजूर मुकादमाकडून आधी उचल घेतो आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून ती फेडतात. आखातात जाणारा आधी पैसे भरतो आणि मग फेडतो. एकाने घेतले, दुसऱ्याने दिले; पण श्रम करण्याआधीच दोघांचेही श्रम विकले गेले. फरक पैशाच्या दिशेचा आहे, बंधनाचा नाही.

जून २०२४ मध्ये कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. एरवी परकीय चलनाच्या आकड्यात मोजली जाणारी माणसे त्या दिवशी शवपेट्यांत मोजावी लागली.

मजूर वाढविण्याचा खर्च गाव सोसते. त्याला दूध, भाकरी, शाळा गाव देते. त्याची उमेदीची वर्षे दुसरा देश वापरतो, आणि पाठ वाकली की तो पुन्हा गावाकडे येतो. त्याने पाठविलेला पैसा हे त्याचे वेतन आहे. सरकारने त्याला शेती आणि रोजगार यांतील आपल्या अपयशावरचा उतारा समजू नये.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : सरकारी यंत्रणेमार्फत विनाशुल्क भरती, परतलेल्यांना निवृत्तिवेतन, आणि कामगार जिथे जाईल तिथे त्याच्यासोबत जाणारी सामाजिक सुरक्षा. आणि या मागण्या करताना दुबईचा गवंडी व उसाच्या फडातील कोयता यांना वेगळे काढता कामा नये. घर सोडणे ही माणसाची निवड असावी. आज ती त्याची सक्ती आहे. हा फरक मिटविणे हेच आपल्या चळवळीचे काम आहे.