विमानाच्या अंगावरची धूळ

आमच्या शिवण गटाकडून आज जरा वेगळ्याच कामाचं सांगायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चक्क विमान रंगवलं! खरं नव्हे हो, प्लास्टिकचं, खऱ्याच्या बहात्तराव्या मापाचं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 17 सेंटिमीटर. आमच्यातल्या एकीच्या लेकीला शाळेच्या प्रदर्शनात ते मांडायचं होतं. बारीक कामाला आमचे हात बसलेले, म्हणून तिनं आम्हालाही ओढलं.

विमानाचं नाव हरिकेन. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन इंफाळहून हीच लढाऊ विमानं उडवत होती. प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे 1965 च्या युद्धात आपले हवाई दल प्रमुख होते. समोर जपानी सैन्य. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. घोटाळा नको म्हणून आपल्या बाजूच्या विमानांवरच्या गोल खुणेतला लाल रंगच काढून टाकला होता, राहिला गडद आणि फिका निळा. पोरगी मधे लाल ठिपका असलेली खूण लावायला निघाली होती. वेळेवर वाचलं म्हणून बरं.

आधी सगळे भाग साबणाच्या पाण्यानं धुतले, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग मातकट तपकिरी, त्यावर हिरवे पट्टे. रंग पातळच घ्यायचा, दोन-तीन हात द्यायचे, घाई केली की ओघळ येतात. थिनर चुलीजवळ उघडायचा नाही आणि खिडकी उघडी ठेवायची, हे मात्र विसरू नका. रंग वाळल्यावर चकचकीत व्हार्निश, त्यावर पाण्यात भिजवून सरकवायच्या खुणा.

खरी गंमत पुढे. नवं कोरं विमान मुद्दाम जुनं करायचं! पातळ काळपट रंग पत्र्यांच्या फटींतून फिरवला आणि वरचा पुसून घेतला. मग भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून, टिपके दिले, म्हणजे रंग उडून आतला पत्रा दिसल्यासारखं होतं. आम्ही खुशीत शेपटीपर्यंत टिपके देत गेलो.

आमच्या जुन्या शिवणकाम करणाऱ्या मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "मागचं अंग कशाचं असतं गं?" पोरीनं पुस्तक उघडलं. बसायच्या जागेच्या मागे लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं कापड, वरून रंगाचे थर! मावशी म्हणाल्या, "मग कापड खरवडलं तर चांदी कुठून निघेल?" सगळा मागचा भाग पुन्हा रंगवला, एक दिवस गेला. चंदेरी टिपके नाकाच्या पत्र्यांवर आणि डाव्या पंखाच्या मुळाशीच ठेवले. वैमानिक डावीकडून चढायचा, तिथं पाय पडून पडून रंग झिजणारच. धुराड्यांच्या नळ्यांपासून मागे चित्रकलेच्या खडूची राखाडी-तपकिरी पूड बोटानं ओढली.

शेवटी पोरीला गोळ्यांची भोकं पाडायची होती. तिनं सुई तापवायला घेतली. त्या दिवशी शेजारच्या आजी आल्या होत्या. त्यांचे वडील त्याच युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले, ते परत आले नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत. पण आम्हीच पोरीला थांबवलं. धूळ, काजळी, झीज दाखवली ती रोजच्या कामाची. भोकं नुसती शोभेला कशाला पाडायची, असं आम्हाला वाटलं. कुणाला ते पटणार नाही, ते असो.

आजींनी विमान हातात घेतलं, उलटं केलं. म्हणाल्या, "चाकं एवढी स्वच्छ कशी?" मग तपकिरी खडूची पूड कालवून आम्ही चाकांना चिखल लावला.