विद्यापीठाचें भोजनगृह
(नभोवाणीवरील भाषण)

विद्यापीठाचा इतिहास सांगतांना कुलगुरूंचीं नांवें सांगितलीं जातात, ग्रंथालयांतील ग्रंथांची संख्या दिली जाते, दीक्षान्त-समारंभांचें वर्णन केलें जातें. तेथील विद्यार्थी कोठें जेवीत होते, कोणाच्या शेजारीं बसत होते आणि त्यांच्या ताटांत काय पडत होतें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. पण शिरूर किंवा दौंड तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याला मुलास पुण्याला शिकावयास पाठवावयाचें असलें, म्हणजे ‘तेथें शिकवितात कसें?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून आधीं निघत नाहीं. ‘पोर जेवेल कोठें?’ हाच निघतो. घोडनदीपासून पुणें चाळीस-बेचाळीस मैल, दौंडपासून त्याहून थोडें अधिक. रोज जाऊन येण्यास हें अंतर फार, आणि वेगळें बिऱ्हाड करण्यास गांठीला पैसा थोडा. तेव्हां भोजनगृहाचा प्रश्न हा या दोन तालुक्यांपुरता तरी शिक्षणाचाच प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनीं एका छपराखालीं, ठराविक वेळीं, ओळीनें बसून जेवावें ही कल्पना साहेबाबरोबर आली, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. शिरूरच्या घोडनदीला जी कुकडी मिळते, ती जुन्नरावरून येते. त्या जुन्नरास शिवनेरीच्या डोंगरांत बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत आणि त्यांपैकीं एका लेण्यावर ब्राह्मी लिपींतील एक लहानसा लेख आहे. गत कुळांतील चिट नांवाच्या एका यवनानें संघाला भोजनमंडप दान दिला, एवढाच त्याचा आशय. कोठला कोण यवन, व्यापारानिमित्त घाटमाथ्यावर येतो काय, आणि पुण्य जोडावयाचें म्हणून मूर्ति नव्हे, स्तूप नव्हे, तर जेवावयाची जागा कोरून देतो काय! या गोष्टीला अठराशें वर्षें तरी होऊन गेलीं असावींत. भिक्षूंचे विहार हीं त्या काळचीं विद्यास्थानें होतीं, आणि तेथें अभ्यास करणाऱ्यांच्या पोटाची सोय हें धर्मकृत्य समजलें जात होतें, याचा हा दगडावरचा पुरावा पुणें जिल्ह्यांतच उभा आहे.

अशा मंडपाची रचना कशी असे, हें वेरूळास पाहावें. तेथील पांचव्या क्रमांकाचें लेणें इतर विहारांहून निराळें आहे. सुमारें ११७ फूट खोल असें हें लांबट दालन २४ खांबांवर पेललेलें आहे, आणि त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दगडाचे दोन बुटके ओटे समोरासमोर कोरलेले आहेत. कोणी विद्वान म्हणतात, हें भोजनगृह. कोणी म्हणतात, भिक्षु येथें बसून पाठ म्हणत. दोघेहि बरोबर असण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. पंगत उठल्यावर त्याच ओट्यांवर पोथी उघडतां येते. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे: ते दोन्ही ओटे एकाच उंचीचे आहेत.

युरोपांतील मठांतूनहि अशींच भोजनगृहें होतीं. लॅटिन भाषेंत ‘पुन्हां ताजेंतवानें करणें’ अशा अर्थाचा जो धातु आहे, त्यावरून त्यांना ‘रिफेक्टरी’ हें नांव पडलें. पुढें ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांनीं मठांची ही रीत उचलली. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधील भोजनगृह सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत कार्डिनल वुल्झी यानें बांधावयास घेतलें. उंच लाकडी छत, भिंतींवर थोरामोठ्यांचीं चित्रें, विद्यार्थ्यांसाठीं लांबच लांब मेजें. आणि दालनाच्या एका टोकाला मात्र एक चौथरा. त्या चौथऱ्यावरील आडव्या मेजाशीं अध्यापक बसावयाचे. गुरु आणि शिष्य एकाच छताखालीं जेवीत, पण एका पातळीवर नव्हे. वेरुळाच्या ओट्यांत आणि या चौथऱ्यांत पायरी-दोन पायऱ्यांचेंच अंतर आहे, तरी तें लहान नाहीं.

इंग्रजांनीं मुंबईस १८५७ सालीं विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां ऑक्सफर्डचा नमुना घेतलाच नाहीं. लंडन विद्यापीठासारखी परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था, एवढेंच त्याचें स्वरूप ठरलें. गिल्बर्ट स्कॉटसारख्या नामांकित शिल्पज्ञाकडून आराखडे आणवून दीक्षान्ताचें भव्य सभागृह बांधलें गेलें, राजाबाई मनोरा उभा राहिला. भोजनगृहाची गरज कोणाला भासली नाहीं, कारण विद्यार्थी जेवतो कोठें हा विषय विद्यापीठाच्या कक्षेंतलाच नव्हता. तो विषय पुण्यासारख्या शहरानें आपल्या परीनें सोडविला. कोणी सात घरीं सात वार लावले, कोणी माधुकरी मागितली, कोणी खाणावळ गांठली. पण वार आणि माधुकरी यांची दारें ठराविक जातींच्याच मुलांना उघडत होतीं. घोडनदीकांठच्या माळ्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाला पुण्यांतल्या वारांचा उपयोग काय?

आतां गणेशखिंडीकडे वळावें, कारण पुढें विद्यापीठ तेथेंच व्हावयाचें होतें. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यांत पुण्यास येत, तेव्हां दापोडीच्या जुन्या बंगल्यांत राहत. तो बार्टल फ्रिअर यांना अपुरा वाटला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबई इलाख्यांत कापसाचा पैसा वाहत होता. त्या भरांत १८६४ च्या सुमारास गणेशखिंडीस नव्या वाड्याचें काम निघालें. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या; वाड्याचें काम मात्र चालूच राहिलें आणि १८७१ मध्यें पुरें झालें. जेम्स ट्रबशॉ हे त्याचे शिल्पज्ञ. इमारत आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, पण तिची ठेवण इटलीची: गोल कमानी, मोकळे सज्जे, आणि चर्चच्या घंटेसाठीं बांधतात तसा उंच निमुळता मनोरा, पण घंटेऐवजीं निशाणासाठीं. एका अंगाला गव्हर्नरांचें खासगी राहणें आणि दुसऱ्या अंगाला दरबारी उपयोगाचीं मेजवानीचीं व नृत्याचीं दालनें, अशी योजना होती.

वाड्याखालीं एक भुयार आहे. खानसाम्यांनीं आणि हुजऱ्यांनीं पाहुण्यांच्या दृष्टीस न पडतां ये-जा करावी म्हणून तें काढलें होतें, असें तेथें सांगतात. दालनांतील झुंबरें पाहून दिपणाऱ्यानें हें भुयारहि अवश्य पाहावें. अन्न दिसावें, पण रांधणारे हात दिसूं नयेत, अशीच त्या काळच्या बड्या घरांची इच्छा असे. येथें ती दगडांत बांधून काढलेली आहे.

१८९७ चें साल हें या हकीकतीचें मर्म आहे. आदल्या वर्षीं पाऊस गेला होता. देशावर दुष्काळ, पुण्यांत प्लेग, आणि प्लेगच्या बंदोबस्तासाठीं रँडसाहेबाची घरझडती. अशांत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं म्हणून २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या वाड्यांत थाटाचा समारंभ झाला. तेथून परततांना मध्यरात्रीच्या सुमारास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या गोळ्यांनीं रँड घायाळ झाला आणि आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड पुढें ३ जुलै रोजीं मेला. हा इतिहास शाळेंतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पण त्याच वर्षीं, त्याच जिल्ह्यांत, दौंडच्या वाटेवर दुसरी एक पंगत बसत होती, तिची आठवण क्वचितच निघते.

पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेलें शारदासदन पुढल्या वर्षीं पुण्यास आणलें होतें. तेथें ब्राह्मण विधवांना आपापलें सोंवळें पाळण्याची मोकळीक होती. सदनाला कांहीं उत्पन्न असावें म्हणून त्यांनीं केडगांव स्टेशनाजवळ, आजच्या दौंड तालुक्यांत, जमीन घेऊन ठेवली होती. दुष्काळ पडतांच त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें मरणाच्या दारीं गेलेल्या शेंकडों मुली घेऊन आल्या. प्लेगच्या भीतीनें त्यांना पुण्यांत ठेवण्यास मनाई झाली, तेव्हां केडगांवच्या उघड्या माळरानावर आधीं छपरें उभीं राहिलीं. मग विहिरी, मग इमारती. १८९८ मध्यें मुक्तिसदन स्थापन झालें. १९०० च्या दुष्काळानंतर तर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार माणसांना दोन वेळां जेवूं घालावयाचें म्हणजे काय, हें ज्या गृहिणीला घरच्या लग्नांत पांचशें पानें वाढावीं लागलीं आहेत, तिला विचारावें. आणि लग्न एका दिवसाचें असतें. केडगांवास दळणें, निवडणें, रांधणें, वाढणें हीं सारीं कामें मुलींनींच वांटून घेतलीं होतीं. येथें भुयार नव्हतें. जी वाढी तीच दुसऱ्या पाळीस जेवावयास बसे. त्याच मुली लिहावयास शिकल्या, विणावयास शिकल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. रमाबाईंचें धर्मांतर ज्यांना रुचलें नाहीं, त्यांनींहि त्यांच्या या स्वयंपाकघराचा हिशेब एकदां मांडून पाहावयास हरकत नव्हती. गणेशखिंडीची मेजवानी आणि केडगांवचें अन्नछत्र यांमध्यें अंतर पस्तीस-चाळीस मैलांचें. शिल्पशास्त्राच्या पुस्तकांत पहिलीचें वर्णन सांपडेल, दुसऱ्याचें सांपडणार नाहीं.

सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसवावींत कीं नाहीं, हा प्रश्न त्यानंतर अनेक वर्षें महाराष्ट्रापुढें होता. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून वसतिगृहें काढविलीं, तीं जातवार काढावीं लागलीं. समाज याहून अधिक सोसण्यास तयार नव्हता. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, त्यांत मात्र सर्व जातींच्या मुलांची चूल एक आणि पंगतहि एक. १९२७ मध्यें गांधीजींनीं तें पाहिलें आणि त्यांच्या हस्तें त्याला शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

एवढें होईपर्यंत गणेशखिंडीचा वाडा लाटसाहेबांचाच होता. स्वातंत्र्य आलें, १९४८ च्या कायद्यानें पुणें विद्यापीठ निर्माण झालें, १९४९ च्या आरंभीं त्याचें काम सुरू झालें, आणि बाळासाहेब खेर यांच्या पुढाकारानें ४११ एकरांचा तो परिसर विद्यापीठाला मिळाला. पहिले कुलगुरु डॉ. मुकुंदराव जयकर. प्रारंभीं बारा जिल्ह्यांतील अठरा महाविद्यालयें आणि आठ हजारांवर विद्यार्थी, असा त्याचा पसारा होता. जेथें गव्हर्नरांच्या पाहुण्यांचे पेले किणकिणत, त्या दालनांत आतां विद्यापीठाच्या सभा आणि समारंभ होऊं लागले.

मात्र त्या दालनांत विद्यार्थ्यांची पंगत बसली नाहीं. ती दुसरीकडे, साध्या इमारतींत बसते, आणि विद्यार्थी तिला ‘रिफेक्टरी’ याच जुन्या मठांतल्या नांवानें ओळखतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. येथें चौथरा नाहीं. ताट हातांत घेऊन ज्यानें त्यानें रांगेंत उभें राहावें आणि जागा मिळेल तेथें बसावें. जळगांवचा, नगरचा, शिरूरचा आणि परदेशचाहि विद्यार्थी एकाच रांगेंत उभा राहतो. पुढच्याची जात मागच्याला विचारावी लागत नाहीं आणि मागचा विचारीतहि नाहीं. जेवणाच्या दर्जावरून, दरावरून आणि नियमांवरून तेथें कुरकुर होते, प्रसंगीं आंदोलनहि होतें. अधिकाऱ्यांना त्याचा त्रास वाटतो, पण ही तक्रार जिव्हेच्या चोचल्याची नाहीं. ज्याच्या घरीं सोयाबीन गेलें आहे किंवा कांद्याला भाव मिळालेला नाहीं, त्याचा महिन्याचा सारा हिशेब त्या एका ताटावर येऊन ठेपतो. ‘कमवा आणि शिका’ या योजनेखालीं कांहीं तास काम करून हा खर्च भागविणारे विद्यार्थीहि तेथेंच जेवतात. अशा मुलाच्या दृष्टीनें दर थोडासा वाढणें आणि शिक्षण सुटणें या दोन गोष्टी फार दूरच्या नसतात.

शिरूर आणि दौंड येथें आतां स्वतःचीं महाविद्यालयें आहेत. तीं निघाल्यामुळें पदवीपर्यंतची वाट पुष्कळांना सोपी झाली. तरी तालुक्याच्या कडेच्या वाडीवरून तालुक्याच्या गांवीं राहावयास आलेल्या मुलाला खाणावळीचा प्रश्न तेथेंहि आहेच. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली मोटार पुण्याहून शिरूरमार्गें नगरला गेली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत खेड्यापाड्यांतील आयांनीं तिचा एक उपयोग शोधून काढला. पहांटे उठून भाकरी थापावयाच्या, कोरड्यास किंवा चटणी घालून डबा फडक्यांत बांधावयाचा, त्यावर मुलाचें नांव लिहावयाचें आणि तो सकाळच्या गाडीच्या वाहकाच्या हातीं द्यावयाचा. तालुक्याच्या स्थानकावर मुलगा उभा असे. तो आधीं कालचा रिकामा, धुतलेला डबा वाहकाच्या हवालीं करी आणि मग भरलेला डबा घेऊन वर्गाकडे वळे.