यंत्राची स्मृती आणि माणसांची स्मृती



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, असा आपला समज असणे स्वाभाविक आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते जुन्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरांविषयी. त्यांची स्मृती बिघडली तर ती कशी दुरुस्त करतात आणि अपुरी पडली तर कशी वाढवतात, हा आमचा विषय. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते रात्रीच्या वाचनातून आणि कारागिरांच्या शेजारी बसून. तेव्हा हा विषय आम्ही कारागिराच्या बाजूनेच मांडणार, हे आधी सांगून ठेवतो.

साधा कॅल्क्युलेटर बेरीज-वजाबाकी करतो आणि विसरतो. प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर हिशेबाची रीतच लक्षात ठेवतो. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९७४ साली एच.पी.-६५ हे यंत्र काढले. त्याची किंमत ७९५ डॉलर होती आणि त्यात १०० पायऱ्यांचा प्रोग्रॅम मावत असे. यंत्र बंद केले की तो पुसला जाई. म्हणून तो एका लहानशा चुंबकीय पट्टीवर उतरवून ठेवावा लागे. १९७६ साली आलेल्या एच.पी.-२५सी या यंत्रात बंद केल्यावरही टिकणारी स्मृती आली. आणि १९७९ साली आले एच.पी.-४१सी. आजचे विवेचन मुख्यतः त्याच्याच आधाराने करू.

या यंत्राच्या स्मृतीत वापरणाऱ्याच्या वाट्याला ६३ खण येत. त्या खणाला रजिस्टर म्हणतात. एका खणात ७ बाइट, म्हणजे सगळे मिळून अवघे ४४१ बाइट. आजच्या फोनवरचे एक लहानसे चित्रही यात मावणार नाही. पण यंत्राच्या माथ्याशी चार खाचा होत्या. त्यांत स्मृतीची मॉड्यूले बसवता येत. एका मॉड्यूलने ६४ खण वाढत. चार बसवली की एकूण ३१९ खण होत. येथेच अडचण उभी राही. चारही खाचा स्मृतीनेच भरल्या, तर पट्टी वाचणारे यंत्र कोठे लावायचे? छपाईचे यंत्र कोठे लावायचे? कंपनीने यावर दोन उपाय काढले. चार मॉड्यूलांचे काम एकट्याने करणारे मॉड्यूल हा एक, आणि सगळी स्मृती आतच भरलेले एच.पी.-४१सीव्ही हे नवे यंत्र हा दुसरा. ज्यांच्या हाती जुनेच यंत्र होते आणि नवे घेण्याइतका पैसा नव्हता, त्यांनी तिसरा उपाय काढला. त्यांनी यंत्र उघडले आणि मॉड्यूलच्या आतला भाग काढून तो यंत्राच्या पोटात डाख देऊन बसवला. खाचा मोकळ्याच राहिल्या.

हे काम सांगायला सोपे, करायला नाजूक. प्रत्येक खाचेला आपला क्रमांक असतो, जसा चाळीत खोलीला असतो. मॉड्यूल खाचेत बसले की तारांच्या जोडणीवरून त्याला आपला क्रमांक कळतो. आत बसवताना तो क्रमांक कारागिरालाच योग्य तारा जोडून द्यावा लागतो. दोघांना एकच क्रमांक दिला, तर एका खोलीत दोन बिऱ्हाडे आल्यासारखा गोंधळ होतो. शिवाय या चिपा अंगातील स्थिर विजेनेही जळतात. म्हणून हात भूमीशी तारेने जोडल्यावाचून त्यांना स्पर्श करू नये.

आता दुखण्यांकडे वळू. एच.पी.-४१सीच्या पडद्यावर कधी कधी ‘मेमरी लॉस्ट’ ही अक्षरे येतात आणि वर्षांची मेहनत पुसली जाते. अशा वेळी लोक चिपेला दोष देतात. पण पुष्कळदा चिप निर्दोष असते. पाठीमागचे रबरी पाय काढले की त्यांखाली चार स्क्रू दिसतात. हे स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत आवळलेले असतात, आणि त्यांच्याच दाबाने आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या खुंट्या तडकतात, दाब सुटतो, वीज तुटते आणि स्मृती जाते. खुंटी इपॉक्सीने नीट सांधली की यंत्र पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते.

दुसरे दुखणे गळक्या सेलचे. सेलमधील क्षार तांब्याला खातो आणि हिरवा-निळा थर साचतो. कापसाच्या बोळ्याने थोडे व्हिनेगर लावून तो उतरवावा, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने पुसून कोरडे करावे. तिसरे दुखणे पट्टी ओढणाऱ्या रबरी चाकाचे. ते रबर काळाने विरघळून गुळाच्या पाकासारखे चिकट होते. ते पुसून काढून तेथे सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवला की जुन्या पट्ट्या पुन्हा वाचता येतात. आणि एक इशारा: एच.पी.-२५ किंवा २५सी या यंत्रांना आत चांगली बॅटरी असल्यावाचून चार्जर लावू नये. बॅटरीविना आलेला जादा दाब चिपा जाळतो, आणि त्या चिपा आता कोणी बनवत नाही.

आपण विचाराल, हा खटाटोप कशासाठी? एच.पी.-४१ची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम आज फोनवर मिळतो. मग हे परवडते का? निव्वळ हिशेबासाठी विचाराल, तर नाही परवडत. हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. ही यंत्रे बनणे १९९० साली थांबले. तरी ती आजही दुरुस्त होतात, ती कशाच्या बळावर?

त्याचे उत्तर १९७४ सालातच आहे. त्या वर्षी कॅलिफोर्नियात रिचर्ड नेल्सन यांनी एच.पी.-६५ वापरणाऱ्यांचा एक क्लब काढला. सभासद आपापले प्रोग्रॅम आणि शोध पत्रिकेतून एकमेकांना कळवू लागले. पुढे पुस्तिकेत न दिलेल्या आज्ञाही त्यांनी एच.पी.-४१सीमधून शोधून काढल्या. सभासदांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांचे एक मॉड्यूल त्यांनी कंपनीकडूनच बनवून घेतले. कंपनीने यंत्राच्या अंतर्रचनेचे काही कागदही या मंडळींना दिले. अट इतकीच, की याबाबत कंपनीकडे मदत मागायची नाही. आम्हाला हा करार फार विचार करण्याजोगा वाटतो. मालकाने जबाबदारी घेतली नाही, पण दारही बंद केले नाही. आणि लोकांनी मिळालेले ज्ञान कुलपात न ठेवता वाटले. आजचा दुरुस्त करणारा त्या वाटणीवर उभा आहे.

याच्या उलट गोष्ट आम्ही जवळून पाहिली आहे. एका कारखान्यात देखभालीचे खाते मोडून काम ठेकेदाराला दिले गेले. जुने फिटर घरी बसले. कोणते यंत्र कोणत्या आवाजाने आजार सांगते, हे त्यांना ठाऊक होते. पण ते कोठेही लिहिलेले नव्हते आणि लिहून घ्यावे असे कोणाला वाटलेही नाही. पुढे यंत्रे अडू लागली तेव्हा नवी मागवली गेली. जुनी यंत्रे भंगारात गेली, आणि तीस-तीस वर्षांचे शहाणपण त्यांच्या आधीच गेले होते.

आज आपल्या खिशातील वस्तू गोंदाने चिकटवलेल्या असतात. त्यांची स्मृती मूळ पाटीवरच डाखलेली असते. वाढवायची म्हटले तर नवी वस्तू घ्या, हेच उत्तर मिळते. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ही चांगली गोष्ट झाली. पण कायद्याने स्क्रू उघडण्याची मुभा मिळाली, तरी उघडल्यावर आत काय करायचे हे सांगणारा माणूस हवा. त्याला त्याच्या कामाची योग्य मजुरी हवी, आणि त्याची विद्या पुढच्या हातात पोचायला हवी. आपल्या गावात घड्याळ, रेडिओ, पंप दुरुस्त करणारे जे वयस्क कारागीर असतील, त्यांच्या शेजारी आपली मुले काही दिवस बसवा, वही-पेन्सिल देऊन बसवा, एवढीच आमची आपल्याला विनंती आहे. चिपेतील स्मृती गेली तर ती पट्टीवरून पुन्हा भरता येते. या माणसांच्या स्मृतीची पट्टी अजून कोणी भरून ठेवलेली नाही.