भाईंदरजवळची दुसरी धारावी

धारावी म्हटलं की मुंबईचीच आठवते. पण जुन्या नकाशांत भाईंदरच्या पश्चिमेला आणखी एक धारावी सापडते: उत्तन, डोंगरी, चौक या गावांचं बेट. साष्टी बेट आणि ही धारावी यांच्यामध्ये खाडी. आज मुर्धे-राईवरून बस थेट उत्तनला जाते, पाण्याची आठवणही होत नाही! चौकचा किल्ला मराठ्यांना वसई मोहिमेत, १७३९च्या सुमारास, इतका का हवा होता? नकाशावर बोट ठेवा. समोरच वसईच्या खाडीचं तोंड आहे.

अशी नकाशांची तुलना घरी करून पाहा. सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा मोबाइलवरच्या नकाशाशेजारी ठेवा. आधी रेल्वेची रेघ जुळवा, मग खाजणं आणि मिठागरं शोधा. एखाद्या मिठागराच्या जागी कदाचित तुमचीच सोसायटी निघेल.