शिकारीचे भाडे आणि लहान जमीनमालक



कामगार चळवळीतल्या माणसाने शिकारीवर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही बंदूक कधी हातात धरलेली नाही आणि धरण्याची हौसही नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयांत बसून, कायद्याची पुस्तके चाळून आणि मालकांशी करार करता करता. त्या वाचनात जर्मनीचा शिकारीचा कायदा हाती आला आणि वाटले, अरे, हा तर आपल्या घरचाच प्रश्न आहे! एकट्याला भाव मिळत नाही, एकत्र आल्यावर मिळतो, हे झाले सोपे. पण एकत्र येणे सक्तीचे झाले म्हणजे ज्याचे मन त्यात नाही त्याचे काय करावयाचे? हा प्रश्न अवघड आहे, आणि आज तोच आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच गेली. ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. तेव्हा आपल्या शेतकऱ्याने शिकाऱ्यांकडून पैसे घ्यावेत, असे सुचविण्यासाठी आम्ही उभे नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते ज्या देशांत ही शिकार कायद्याने चालते तेथील लहान जमीनमालकाविषयी.

आता हे भाडे असते तरी कशाचे? रानडुक्कर रात्री एकाच्या मक्यात शिरते, पहाटे दुसऱ्याच्या कुरणातून जाते आणि दिवसभर तिसऱ्याच्या झाडीत पडून राहते. मग ते कोणाचे? कोणाचेच नव्हे. जमीनमालक विकतो ती फक्त परवानगी; माझ्या रानात पाऊल टाकण्याची आणि तेथे बंदूक चालविण्याची. समजा, चार-पाच एकरांचा धनी बांधावर उभा राहिला आणि शिकाऱ्याला म्हणाला, 'माझ्या रानाचे इतके पैसे पडतील.' शिकारी म्हणेल, 'राहू द्या, तुमचा शेजारी निम्म्यात देतो आहे.' शेजाऱ्याचा शेजारी त्याहून कमीत देईल. शेवटी भाव शून्यावर येईल आणि डुकराने उकरलेले शेत मात्र प्रत्येकाच्या वाट्याला राहील. सकाळी मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या माणसांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेतील टेक्सस राज्यात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. तेथील नऊ-दशांशाहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. रानटी जनावरे कायद्याने राज्यातील जनतेची. पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट जमीनमालकाच्या फाटकातून. म्हणून शिकारी हंगामापुरते किंवा वर्षाचे भाडे भरतो, आणि भाडे घेण्यासाठी मालकालाही सरकारी परवाना काढावा लागतो. हजारो एकरांच्या रँचवाल्याला हे परवडते. लहान मालकाने एखादे तरुण हरिण मोठे व्हावे म्हणून राखले, तर ते कुंपण ओलांडून जाते आणि शेजारी त्याला टिपतो. शिवाय पैसे घेतले की जबाबदारीही वाढते. फुकट येऊ देणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यापासून अमेरिकेतील पुष्कळ राज्यांचे कायदे संरक्षण देतात. पैसे घेणाऱ्याचे ते संरक्षण बहुधा आखडते आणि त्याला विमा उतरवावा लागतो. या अडचणीतून तेथील शेजाऱ्यांनी आपखुशीच्या संघटना काढल्या आहेत. कोणते जनावर मारावयाचे आणि कोणते राखावयाचे हे त्या मिळून ठरवितात. परंतु ज्याला यावयाचे नाही तो येत नाही, आणि राखलेले हरिण त्याच्याच रानात जाऊन पडते!

जर्मनीने दुसरी वाट धरली. तेथे १८४८ पूर्वी शिकार हा पुष्कळ ठिकाणी राजेरजवाड्यांचा आणि सरदारांचा हक्क होता. हरणे शेतकऱ्याचे पीक खात, आणि त्याच शेतकऱ्याला सरदाराच्या शिकारीत हाकाऱ्याची वेठ करावी लागे. १८४८ च्या क्रांतीत हा हक्क सरदारांकडून गेला आणि जमिनीच्या मालकाला मिळाला. मग झाले काय, की ज्याला त्याला आपापल्या पट्टीत बंदूक चालविता येऊ लागली आणि रानातली जनावरे झपाट्याने कमी झाली. १८५० साली प्रशियाने कायदा केला, की ज्याची सलग जमीन ३०० मॉर्गन, म्हणजे सुमारे ७५ हेक्टर आहे, त्यानेच स्वतंत्र शिकार करावी. बाकीच्यांच्या जमिनी गावच्या सामाईक शिकारक्षेत्रात घालाव्यात. यात मोठ्यांची सोय पाहिली गेली हे उघड आहे. लहानाच्या हाती नुकती आलेली बंदूक पुन्हा गेली.

पण यातूनच पुढे लहानांचे एक हत्यार घडले. आज तेथे १९५२ चा कायदा चालतो. त्याप्रमाणे शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे, तो जमिनीपासून तोडून वेगळा विकता येत नाही. ७५ हेक्टरांच्या, म्हणजे सुमारे १८५ एकरांच्या आतले सर्व मालक गावच्या मंडळाचे आपोआप सभासद होतात. अशा सामाईक क्षेत्राला साधारणतः निदान १५० हेक्टर जमीन लागते. या मंडळाला जर्मन भाषेत 'याग्डगेनोसेनशाफ्ट' म्हणतात. शब्द उच्चारताना दात दुखतात खरे, पण त्यात 'गेनोसे' हा जो तुकडा आहे त्याचा अर्थ साथी, सोबती. जर्मनीतले समाजवादी कार्यकर्ते एकमेकांना याच शब्दाने हाक मारीत आले आहेत. चार एकरवाला आणि चाळीस एकरवाला येथे एकमेकांचे साथी!

हे मंडळ सर्वांच्या वतीने शिकारीचा हक्क भाड्याने देते. करार लेखी हवा आणि तो सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवला पाहिजे. मुदत साधारणतः निदान ९ वर्षांची. एका हंगामापुरता आलेला भाडेकरू जनावरांचा फडशा पाडून निघून जाईल, नऊ वर्षे राहणारा जपून वागेल, असा त्यात विचार आहे. कंत्राटदार आज येतो, उद्या जातो, आणि मागे काय उरते हे आम्ही कारखान्यांतून पाहिले आहे. म्हणून हे कलम आम्हांला फार मोलाचे वाटते. एका माणसाने एकंदर १,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र भाड्याने घेऊ नये, अशीही मर्यादा आहे. पैशाच्या जोरावर साऱ्या तालुक्याचे रान एकट्याने अडवून ठेवण्याला त्यामुळे आळा बसतो.

आता मतदानाची रीत पाहा. ठराव मंजूर व्हावयाचा तर हजर असलेल्या सभासदांचे बहुमत हवे, आणि सभेत ज्यांचे प्रतिनिधित्व झाले आहे त्या जमिनीचेही बहुमत हवे. म्हणजे एखाद्या मोठ्या मालकाला जमिनीच्या बळावर सगळ्यांना गुंडाळता येत नाही, आणि बारक्या तुकड्यांच्या दहा धन्यांना त्याला डावलताही येत नाही. आमच्या संघटनांत माणशी एक मत असते आणि तेच आम्हांला प्रिय आहे. तरीही जेथे जमीन हीच वर्गणी आहे तेथे ही दुहेरी चाळणी अन्यायाची म्हणता येणार नाही.

भाड्याचे पैसे जमिनीच्या प्रमाणात वाटतात. समजा, क्षेत्र २०० हेक्टरांचे आहे आणि एकाची जमीन ४ हेक्टर. तर त्याचा वाटा पन्नासावा. रक्कम लहान असते, म्हणून पुष्कळ मंडळे ती न वाटता शेतरस्त्यांना लावतात. ते शहाणपणाचेच आहे. तथापि ज्याने त्या ठरावाला संमती दिली नाही त्याला आपला वाटा रोख मागता येतो. बहुमताने चांगले काम ठरविले म्हणून एकट्याचा पैसा गिळता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नुकसानीची. हरणांनी, रानडुकरांनी किंवा सशांच्या जातीतल्या रानटी रॅबिटांनी पिकाची नासाडी केली तर भरपाईची जबाबदारी मंडळाची. करारात ती बहुतेक वेळा भाडेकरूने पत्करलेली असते. शेतकऱ्याला नुकसान कळल्यापासून एका आठवड्यात तक्रार नोंदवावी लागते. ज्याला जनावरांपासून आनंद मिळतो त्यानेच जनावरांनी केलेली तूट भरावी, हा न्याय साधा आणि खणखणीत आहे. विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरे हाकलीत रात्री मचाणावर काढतो आणि भरपाईसाठी वनखात्याच्या कचेरीत जातो. त्याच्याकडे भाडेकरू नाही, आणि नसावाही. पण रानातली जनावरे जर सर्व समाजाची शोभा असतील, तर त्यांच्या पोटाचा खर्च एकट्या बांधावरच्या माणसाने का सोसावा? त्याची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी, एवढे तर आपण शहरातल्या माणसांनी त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळू. मंडळातला एखादा सभासद म्हणतो, 'मला भाडे नको, मला माझ्या जमिनीवर हत्याच नको.' त्याने काय करावे? फ्रान्समध्ये १९६४ साली अशाच सक्तीच्या गावसंघटनांचा कायदा झाला. तेथे साधारण २० हेक्टरांच्या आतल्या मालकाला अनेक गावांत आपली जमीन संघटनेला द्यावी लागे. मोठ्याला मात्र बाहेर राहता येई. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९९ साली ही सक्ती अन्यायाची ठरविली. लहानाला एक नियम आणि मोठ्याला दुसरा, हेही त्या निकालात दोषास्पद मानले गेले. पुढे २०१२ साली त्याच न्यायालयाने जर्मनीलाही सांगितले, की ज्याच्या सदसद्विवेकाला शिकार पटत नाही अशा मालकावर ती लादणे हा अवाजवी भार आहे. जर्मनीने २०१३ साली कायदा बदलला. नैतिक कारणासाठी ज्याला बाहेर पडावयाचे आहे त्याला अर्ज करून बाहेर पडण्याची वाट मिळाली.

पण ही वाट फुकटची नाही, आणि येथे आम्हांला त्या कायद्याचा विवेक दिसतो. बाहेर पडलेल्याला भाड्याचा वाटा नाही. त्याच्या स्वतःच्या पिकाचे नुकसान झाले तर भरपाई नाही. आणि त्याच्या रानात आसरा घेणाऱ्या जनावरांनी शेजाऱ्यांचे शेत खाल्ले, तर जमिनीच्या प्रमाणात त्यालाही भार उचलावा लागतो.

संघटनेतली माणसे या निकालांवर रागावतील. एकाला दार उघडले की उद्या दहा जण निघतील आणि भाव पुन्हा कोसळेल, ही भीती आम्हांला परकी नाही. संपाच्या वेळी कामावर जाणारा माणूस आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्याविषयी मनात काय येते तेही जाणतो. तरीसुद्धा दोन माणसांत भेद केला पाहिजे. एक जण बाहेर राहतो तो फायदा घेण्यासाठी. ओझे दुसऱ्यांनी वाहावे आणि फळ आपण खावे यासाठी. दुसरा बाहेर राहतो तो फायदा सोडून, ओझे पत्करून. पहिल्याला सूट दिली तर संघटना मरते. दुसऱ्याला कोंडून ठेवले तर संघटना जिवंत राहते, पण ज्या सरदारांविरुद्ध ती उभी राहिली त्यांच्यासारखीच होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की लहान माणसाने एकत्र यावे, दाम मिळून ठरवावा, आणि नुकसान कोण भरणार हे करारात आधी लिहून घ्यावे. ज्याचे मन मानत नाही त्याला दार उघडे ठेवावे, मात्र त्या दारावर त्याची किंमत स्वच्छ अक्षरांत लिहिलेली असावी. जो ती वाचून आणि मोजून बाहेर जातो, त्याला आपण फितूर म्हणू नये.