अडकणारी किल्ली

2014 साली उत्तरपाडा येथे अँबेसडर मोटारीचे उत्पादन थांबले. पण ही मोटार जपणारे रसिक अजून आहेत. इंजिनाची निगा राखणारा मालक अडकणाऱ्या किल्लीकडे मात्र काणाडोळा करितो आणि मनगटाच्या जोराने ती फिरवितो. येथेच चूक होते.

इग्निशन स्विचमध्ये पुढे कुलूप आणि मागे विजेचा स्विच असतो. किल्लीच्या दातांनी आतील पत्र्या योग्य उंचीवर आल्या म्हणजे कुलूप फिरते. दात झिजले किंवा धूळ व थिजलेले तेल साचले की ते अडते. म्हणून प्रथम जपून ठेवलेली दुसरी किल्ली लावून पाहावी. ती सहज फिरली, तर दोष पहिल्या किल्लीचा. तीही अडली, तर बॅटरीची तार सोडवून कुलपात ग्राफाइटची कोरडी पूड घालावी व किल्ली अनेकदा हलकेच आतबाहेर करावी. तेल घालू नये; ते पुन्हा धूळ धरते.

खरे भय पुढेच आहे. इंजिन सुरू होताच स्प्रिंगच्या जोराने किल्ली आपोआप मागे यावयास हवी. कुलूप जड असेल, तर ती येत नाही. स्टार्टर फिरतच राहतो आणि तापून जळतो. अशा वेळी किल्ली हाताने मागे घ्यावी, आणि स्प्रिंगच दुबळी झाली असेल, तर स्विच बदलून घ्यावा. किल्लीला जड जुडगाही अडकवू नये. त्याच्या ओझ्याने कुलूप झिजते.